हृदयाचा आकार सुधारला, पण आयुष्य वाढले का?

हृदयविकाराचा झटका ओसरतो, रुग्ण घरी परततो. परंतु झटक्यात मृत झालेला स्नायू पुन्हा उगवत नाही. त्या जागी व्रणाची पातळ भिंत उरते. काही रुग्णांत ती रक्ताच्या दाबाने फुगते, हृदयाचा डावा कप्पा लंबगोल आकार सोडून चेंडूसारखा होतो आणि रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती क्षीण होत जाते.

हा फुगा कापून काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांनी १९५८ मध्ये हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधारे करून दाखवली. मात्र कडा सरळ शिवल्याने कप्प्याचा नैसर्गिक आकार बिघडत असे. १९८० च्या दशकात मोनाकोच्या व्हिन्सेंट डोर यांनी व्रण आणि जिवंत स्नायू यांच्या सीमेवर, कप्प्याच्या आतून ठिगळ लावण्याची पद्धत रूढ केली. आकार पूर्ववत झाला की आयुष्यही वाढेल, ही अपेक्षा तर्काला धरूनच होती.

तिची कसोटी ‘स्टिच’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत लागली. १,००० रुग्णांपैकी निम्म्यांवर केवळ बायपास, तर उरलेल्यांवर बायपाससह कप्प्याची पुनर्रचना करण्यात आली. २००९ मध्ये निष्कर्ष आले. पुनर्रचनेने कप्प्याचे आकारमान १९ टक्क्यांनी घटले, केवळ बायपासने ६ टक्क्यांनी. मृत्यूचे आणि हृदयविकारासाठी पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. फुगा मोठा असेल तर ही शस्त्रक्रिया आजही केली जाते. सरसकट उपाय म्हणून तिचे स्थान मात्र उरले नाही.

याच प्रकल्पाच्या दुसऱ्या शाखेत भारतीय केंद्रांचाही सहभाग होता. तिथे दुर्बल हृदयाच्या १,२१२ रुग्णांची तुलना झाली. दहा वर्षांत केवळ औषधांवर असलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के, तर औषधांसोबत बायपास झालेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे मृत भागाची डागडुजी करण्यापेक्षा जिवंत स्नायूला रक्त पोहोचवणे अधिक फलदायी ठरले.

भारतात ही बायपासची वाट १९७५ मध्ये चेन्नईतील पेरंबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी उघडली. परंतु शल्यचिकित्सकाच्या हाती येते ते झटक्यातून वाचलेले हृदय. किती स्नायू वाचणार, हे बहुधा आधीच, छातीत कळ आल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतच्या काही तासांत ठरलेले असते.