दप्तर आणि वाळवी

श्रोतेहो, मुंग्यांनी साखरेला रांग लावली की आपण लगेच डबा हलवतो. दाराच्या चौकटीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली, तर मात्र केरसुणीने झाडून मोकळे होतो. ही वाळवी, कोणी उधई म्हणतात. ‘पांढरी मुंगी’ हे नाव तिला साहेबाच्या भाषेतून मिळाले, पण ती मुंगी नव्हेच. कुळाने ती झुरळाची नातलग, आणि मुंग्या तर तिच्या वैरी!

आपल्या खानदेशाचा इतिहास तिने किती खाल्ला, याचा हिशेब आता कोण देणार? पूर्वी एरंडोलला आणि यावलला हातकागद होत असे. त्यावर मोडीत लिहिलेल्या सनदा, वतनाचे निवाडे, सावकारी वह्या रुमालात बांधून भिंतीतल्या फडताळात ठेवीत. घर धाब्याचे, भिंती मातीच्या. वाळवीचे अंग मऊ; उघड्या हवेत ते सुकते, म्हणून ती मातीची नळी बांधून आतून चालते. मातीच्या घरात तिला वेगळी नळी तरी कशाला हवी? भिंतच तिची वाट. वरून रुमाल शाबूत, आत भुगा.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे असलीच दप्तरे शोधीत गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे खंड बावीस झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचा अंत झाला आणि १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते वाग्देवता मंदिरात आहेत. या माणसांच्या हाती जे लागले ते राहिले.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेतले जुने जनरल रजिस्टर हेही दप्तरच, बरे का! जातपडताळणीला आजोबा-पणजोबांची नोंद लागते, तेव्हा सारे घर त्या एका पानासाठी धावते. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि लोखंडी पायांवर ठेवा. नळी दिसली की नुसती पुसू नका. ती जमिनीत कोठे उतरते ते पाहा. तेथे बहुधा ओल असते, नाहीतर भिंतीशी टेकवलेला कपाशीच्या काड्यांचा भारा. आधी तो हलवा, गळती बंद करा. वेखंड, कडुनिंबाचा पाला पुस्तकातल्या किड्यांना ठीक. जमिनीतून येणारी वाळवी त्याने थांबत नाही. एकेकाळी बीएचसीची भुकटी सर्रास टाकीत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. कोपऱ्यात जुना डबा उरला असेल तर पोरांचा हात तेथे पोचू देऊ नका.

आणि रुमाल सोडताना पाने चिकटलेली असली, तर ओढू नका. सावलीत वाळू द्या, मऊ कुंचल्याने माती झाडा. मोडी वाचता येत नसली तरी एकही पान रद्दीत घालू नका. ती वाचणारी माणसे अजून आहेत.