तिवडा आणि लाखोळी
ज्या सागर प्रांतावर 1818 पर्यंत मराठ्यांचा अंमल होता, त्याच मुलखात 1829 पासून लागोपाठ गव्हाचे पीक बुडाले आणि रयतेला शेतात तगून राहिलेल्या तिवड्यावर, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाखोळीवर, गुजराण करावी लागली, तेव्हा 1833 मध्ये तिशीच्या आतली माणसे कमरेखाली पंगू होऊ लागल्याची नोंद इंग्रज अधिकारी स्लीमनसाहेबाने करून ठेवली. भंडारा-चांद्याकडे धानाच्या शेतातल्या ओलीवर फेकून पेरली जाणारी ही गरिबाची डाळ. माफक खाल्ली तर पोसणारी, महिनोन्‌महिने तीच खावी लागली तर घातक. तिचे विष मज्जासंस्थेला ग्रासते, तिच्याच कुळातल्या शोभिवंत स्वीट पीच्या (बागेत किती निरागस दिसते ती!) बियांतले द्रव्य मात्र कोलाजन या प्रथिनाचे धागे सांधू देत नाही, आणि प्रयोगातल्या उंदरांची महाधमनी फुगून फुटते. 1961 मध्ये लाखोळीच्या विक्रीस मनाई झाली; पेरा चालूच राहिला.