‘कीचकवध’ : द्व्यर्थता, प्रेक्षक आणि सत्ता

द्व्यर्थी भाषा श्रोत्याच्या मनाचा नकळत ताबा घेते, ही समजूत जुनी आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन (१९०१–१९८०) यांच्या संमोहनपद्धतीने तिला नवे बळ दिले. थेट आज्ञा न देता संदिग्ध वाक्य योजावे. श्रोता त्याचा अर्थ स्वतः शोधू लागतो आणि स्वतः शोधलेल्या अर्थाला तो सहसा विरोध करीत नाही, असे या पद्धतीचे गृहीतक. मात्र ‘नकळत’ हा शब्द कितपत टिकतो, याची कसोटी मराठी वाङ्मयेतिहासातील एका प्रकरणावर पाहता येते. ते प्रकरण म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ (१९०७).

नाटकाचे कथानक महाभारतातील विराटपर्वाचे. लॉर्ड कर्झन, १९०५ ची वंगभंगाची घटना किंवा जहाल-मवाळ वाद यांचा त्यात कोठेही नामोल्लेख नाही. तरीही कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, संयम शिकविणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हा अन्वय प्रेक्षागृहात सर्वांनाच उलगडत होता. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९१० मध्ये हाच अन्वय नोंदविला, पुरुषांचे संतप्त चेहरे आणि स्त्रियांचे पाणावलेले डोळे यांचे वर्णनही केले. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या त्याच वर्षीच्या ग्रंथात ही हकीकत आली आहे.

येथे द्व्यर्थता श्लेषाची नाही. श्लेषात दोन्ही अर्थ शब्दातच असतात. ‘कीचकवधा’तील दुसरा अर्थ व्यंजनेचा आहे. वक्ता, श्रोता, प्रसंग, देश आणि काल यांच्या वैशिष्ट्यामुळे व्यंग्यार्थ स्फुरतो, असे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सांगितले. १९०७ चा देशकाल वजा केला तर तीच संहिता निव्वळ पौराणिक नाटक उरते. शिवाय कथावस्तूची निवडही अर्थपूर्ण आहे. अज्ञातवासात प्रत्येक पात्र मुळातच दुसऱ्या नावाने वावरते. बल्लवात भीम आणि सैरंध्रीत द्रौपदी पाहण्याची प्रेक्षकाला सवय असते. एक पडदा दूर सारणाऱ्या दृष्टीला दुसरा पडदा अवघड जात नाही.

संमोहनाशी साम्य येथपर्यंतच. दोन्हीकडे अर्थाची पूर्तता श्रोता करतो. परंतु संमोहनात दुसरा अर्थ श्रोत्याच्या लक्षात न येताच कार्य करतो, असे मानले जाते. नाट्यगृहात तो प्रत्येकाच्या लक्षात येतो. इतकेच नव्हे, तर तो शेजाऱ्याच्याही लक्षात आला आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. ही मोहिनी नव्हे, हे संगनमत आहे. प्रेक्षकाचे मन निद्रिस्त होत नाही. ते अधिक जागे होते.

राज्यकर्त्यांनी मात्र श्रोत्याला भोळा मानले. १८९७ च्या टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’चा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ इतका सैल केला होता. स्वतः कायद्याचीच भाषा अशी संदिग्ध होती. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याखाली तर अप्रीती उत्पन्न होण्याचा संभव आहे, असे सरकारचे मत झाले की बंदीस ते पुरेसे होते. १९१० मध्ये ‘कीचकवधा’वर अशी बंदी आली.

या बंदीत एक विरोधाभास आहे. नाटककाराने जे उच्चारले नव्हते, ते बंदीने मान्य केले. कीचकाचा वध पाहून अप्रीती वाढेल असे म्हणणे म्हणजे कीचकाच्या जागी सत्ता स्वतःला पाहते, याची कबुलीच. व्यंग्यार्थाचा सर्वांत अधिकृत वाचक अशा रीतीने सरकारच ठरले.

म्हणून द्व्यर्थी भाषेचे सामर्थ्य केवळ तिच्या रचनेत शोधणे अपुरे आहे. उघड बोलण्याची वाट जेथे बंद असते आणि न बोललेले समजून घेणारा समुदाय जेथे आधीच तयार असतो, तेथे ती प्रभावी होते. ‘कीचकवधा’चा प्रभाव हा लेखकाने प्रेक्षकावर टाकलेला मंत्र नव्हता; प्रेक्षकाच्या मनात आधीच असलेल्या अर्थाला त्याने रंगमंचावर जागा करून दिली होती.