त्र्यंबकेश्वरचा हिरा आणि ॲल्युमिनियम कापणारी हत्यारे

१/ 'नासक डायमंड' म्हणून जगाला ठाऊक असलेला हिरा परंपरेनुसार त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातला. त्याच्या लुटीची कथा आपण ऐकली असेल. या थ्रेडमध्ये ती थोडक्यात पाहू आणि मग त्याच कार्बनची दुसरी, कारखान्यातली कथा वाचू.

२/ तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाअखेर, १८१८ मध्ये, हा हिरा दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला. वजन सुमारे ९० कॅरट. युद्धातील लूट म्हणून तो लंडनला रवाना झाला आणि रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांकडे पोहोचला.

३/ आपले कारागीर हिरा घासताना वजन राखत. युरोपीय जवाहिऱ्यांना चकाकी हवी होती. लंडनमध्ये तो पुन्हा घासला गेला आणि सुमारे ८० कॅरट उरला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो ४३.३८ कॅरटांवर आणला. उद्या हिरा परत आला, तरी त्याचे मूळ रूप परतणार नाही.

४/ हिरा घासायला हिऱ्याचीच भुकटी लागते, इतका तो कठीण. १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हिरा जाळून सिद्ध केले की तो निव्वळ कार्बन आहे. ग्राफाइटही कार्बनच, फरक अणूंच्या मांडणीचा.

५/ आता त्र्यंबकहून सुमारे ५० किलोमीटरवरील ओझरला येऊ. १९६४ मध्ये येथे मिग विमानांसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. अशा विमानांच्या सांगाड्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा वाटा मोठा असतो. अखंड ठोकळ्यातून भाग कोरताना बराचसा धातू कीस होऊन पडतो.

६/ एवढ्या मऊ धातूला हिऱ्यासारखे हत्यार कशाला? कारण हा मऊपणा फसवा आहे. कापताना तापलेले ॲल्युमिनियम हत्याराच्या धारेला चिकटते, धार बोथट होते आणि कापलेला पृष्ठभाग ओरखडतो. पिस्टनसाठी वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूंत तर सिलिकॉनचे कठीण कण असतात. ते धार वेगाने झिजवतात.

७/ पोलादासाठी वापरला जाणारा टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचा थर येथे फारसा उपयोगी पडत नाही. त्यातील ॲल्युमिनियमची कापल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमशी जवळीक असते. कार्बनच्या थराला मात्र हा धातू सहसा चिकटत नाही.

८/ असे थर मुख्यत्वे दोन प्रकारचे. पहिला 'डीएलसी', म्हणजे हिऱ्यासदृश कार्बन. १९७१ मध्ये आयझेनबर्ग व शाबो यांनी कार्बनच्या आयनांपासून तो बनवल्याचे प्रसिद्ध केले. त्यात हिरा आणि ग्राफाइट या दोहोंचे बंध मिसळलेले असतात. हत्यारावर तो साधारण एक-दोन मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस त्याच्या कित्येक पट जाड.

९/ दुसरा थर खऱ्या हिऱ्याचा. मिथेन व हायड्रोजन वायूंपासून तो कार्बाइडच्या हत्यारावर 'वाढवतात'. १९८० च्या दशकारंभी जपानी संशोधकांनी ही पद्धत व्यवहार्य केली. सिलिकॉनयुक्त मिश्रधातूंपुढे हाच टिकतो. कार्बाइडमधला कोबाल्ट मात्र हिऱ्याऐवजी ग्राफाइट घडवतो, म्हणून तो आधी पृष्ठभागावरून आम्लाने काढावा लागतो.

१०/ हाच हिरा पोलादापुढे हरतो. तापलेले लोखंड कार्बन शोषून घेते आणि थर झपाट्याने झिजतो. म्हणजे हिऱ्याचा कठीणपणा सर्वत्र सारखा कामाला येत नाही. समोर कोणता धातू आहे, यावर सारे ठरते.

११/ नासक हिरा कोणाचा, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण हिऱ्याचा इतिहास मुकुट, तलवारी आणि लिलाव यांपाशी थांबवला, तर तो घासणारे कारागीर आणि त्याच्या गुणांवर काम करणारे कामगार त्यातून वगळले जातात. सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये काळपट थराचा कटर दिसला, तर त्याच्या थराबद्दल तिथल्या कामगाराला अवश्य विचारा.