लायडार: हे छप्पर की झाड, संगणक कसं ठरवतो?

विमानातून किंवा ड्रोनवरून लेझरचे झोत सोडून पृष्ठभाग मोजण्याच्या तंत्राला लायडार म्हणतात. त्यातून कोट्यवधी बिंदूंचा 'पॉइंट क्लाउड' मिळतो. प्रत्येक बिंदूची जागा आणि उंची कळते, पण तो कौलावरचा आहे की झाडाच्या पानावरचा, हे कळत नाही. ते ठरवणं म्हणजे वर्गीकरण. ते चुकलं तर पुराच्या नकाशातून घरं गायब होतात किंवा दाट झाडी इमारत म्हणून मोजली जाते.

प्रतल बसवणं म्हणजे काय?

आधी जमिनीचे बिंदू वेगळे काढतात. मग उंचावरच्या प्रत्येक बिंदूचे शेजारी घेऊन त्यांतून एक सपाट पृष्ठभाग, म्हणजे प्रतल, बसवून बघतात. बिंदू प्रतलाला चिकटून असतील तर छप्पर, वरखाली विखुरलेले असतील तर झाड. उतरतं छप्परही प्रतलच असतं, त्यामुळे नुसत्या उताराने काही बिघडत नाही.

कोणती सेटिंग्ज बदलायची?

'लासक्लासिफाय' या प्रोग्रॅममध्ये मुळात शोधक्षेत्र 2 मीटर, छपरासाठी सपाटपणाची मर्यादा 0.1 मीटर आणि झाडासाठी खडबडीतपणाची मर्यादा 0.4 मीटर असते. या दोन मर्यादांच्या मधले बिंदू अवर्गीकृत राहतात.

*शोधक्षेत्र:* फार लहान ठेवलं तर शेजारी कमी मिळतात. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही, तसं कोणत्याही तीन बिंदूंतून प्रतल अचूक बसतंच. मग झाडही छप्पर वाटू लागतं. फार मोठं ठेवलं तर छपराच्या दोन्ही उतारांचे बिंदू एकत्र येतात. दोन्ही बाजूंना 30 अंश उतार असेल, तर आढं 2 मीटरवरच्या बिंदूंपेक्षा सुमारे 1.15 मीटर उंच असतं. तिथे एकच प्रतल बसत नाही आणि आढ्याचे बिंदू निसटतात.

*सपाटपणाची मर्यादा:* ती मोजणीतल्या चुकीपेक्षा कमी ठेवू नका. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या 'क्यूएल2' दर्जात दर चौरस मीटरला किमान 2 बिंदू लागतात आणि गुळगुळीत पृष्ठभागावरच्या मोजणीत 6 सेंटीमीटरपर्यंतचा फरक चालतो. अशा डेटावर 2 सेंटीमीटरची मर्यादा लावली तर चांगली छपरंही वगळली जातील. उलट मर्यादा फार सैल केली तर छाटलेली, दाट झाडं इमारतींत जमा होतात.

सुरुवात कशी करावी?

- आधी एकक तपासा. डेटा फुटांत असेल तर प्रोग्रॅमला तसं सांगावं लागतं.
- बिंदूंची घनता बघा. विरळ डेटाला मोठं शोधक्षेत्र लागतं.
- सपाट छप्पर, उतरतं छप्पर आणि दाट झाडं असलेला छोटा तुकडा निवडा.
- एका वेळी एकच सेटिंग बदला आणि निकाल हवाई छायाचित्राशी ताडून बघा.

छपरांच्या फक्त कडा आणि आढी निसटत असतील तर शोधक्षेत्र कमी करून बघा. अख्खी छपरं ठिपक्याठिपक्यांनी तुटत असतील तर मर्यादा थोडी सैल करा. हा तुकडा जमला की मगच पूर्ण शहराचा डेटा चालवा.