अल्प वारंवारतेची चुंबकीय क्षेत्रे आणि जनुकांची अभिव्यक्ती

300 हर्ट्झपर्यंतच्या वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पेशीतील जनुके कमी-अधिक सक्रिय होतात का, हा जीवभौतिकीतील दीर्घकाळ वादात असलेला प्रश्न आहे. भारतातील वीज 50 हर्ट्झची असल्याने भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या, धुळ्याचे 765 किलोव्होल्टचे उपकेंद्र, शेतातली डीपी आणि घरातले वायरिंग या सर्वांभोवती असे क्षेत्र असते. ते विद्युतदाबावर नव्हे, तर प्रवाहावर अवलंबून असते. उन्हाळ्यात रावेर-यावलकडे केळीच्या बागांचे पंप एकदम सुरू झाले की वाहिनीभोवतीचे क्षेत्र वाढते. वाहिनीपासून दूर जाताच ते झपाट्याने घटते. भिंती आणि शरीर मात्र त्याला अडवत नाहीत.

जनुकावरील माहितीचे संदेशवाहक आरएनएमध्ये प्रतिलेखन होऊन त्यानुसार प्रथिन बनणे म्हणजे अभिव्यक्ती. रीबा गुडमन, अँड्र्यू बॅसेट व अ‍ॅन हेंडरसन यांनी 1983 मध्ये सायारा माशीच्या लाळग्रंथींतील पेशींत स्पंदित क्षेत्रामुळे प्रतिलेखन वाढल्याचे नोंदवले. पुढे एचएल-60 या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशींत 60 हर्ट्झच्या क्षेत्राने पेशीविभाजनाशी निगडित ‘मिक’ जनुक अधिक सक्रिय होते, असा दावा झाला. कर्करोगाशी संबंध जोडणारा म्हणून तो फार महत्त्वाचा होता. परंतु 1995 मध्ये लेसी-हलबर्ट व सहकारी, तसेच सॅफर व थर्स्टन, यांना स्वतंत्र प्रयोगांत तो परिणाम आढळला नाही.

या विषयात प्रयोगाची मांडणीच निर्णायक ठरते. क्षेत्र निर्माण करणारे तांब्याचे वेटोळे प्रवाहाने तापते, आणि उष्णतेने उष्णताघात प्रथिनांची जनुके चेतवली जातात. म्हणून तुलनेच्या पेशींभोवतीही तसेच वेटोळे ठेवतात. त्यातील जोडतारांतून विरुद्ध दिशांनी प्रवाह सोडल्यास उष्णता तेवढीच राहते, पण क्षेत्र जवळजवळ शून्य होते. कोणत्या पेशींना क्षेत्र मिळाले हे मोजणाऱ्यालाही सांगत नाहीत. शिवाय सुमारे 20,000 जनुके एकाच वेळी तपासताना 5 टक्क्यांची कसोटी लावली, तर केवळ योगायोगाने सुमारे 1,000 जनुके ‘बदललेली’ दिसतात. अशा योगायोगासाठी आकडेवारीत दुरुस्ती न करता काढलेले निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत.

50 हर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा पेशीतील औष्णिक ऊर्जेच्या अब्जांशाहूनही कमी असते. तिने डीएनएचे बंध तुटत नाहीत. त्यामुळे परिणाम असलाच तर त्याची यंत्रणा वेगळी असावी. क्रिप्टोक्रोम प्रथिनातील मूलक-जोड्यांवर, म्हणजे एकेकटे इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंच्या जोड्यांवर, क्षेत्राचा प्रभाव पडतो, ही सध्याची विचारार्ह कल्पना आहे.

अनायनकारी प्रारणांपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या 2010 च्या शिफारशीनुसार 50 हर्ट्झसाठी सर्वसामान्यांची मर्यादा 200 मायक्रोटेस्ला आहे. 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही क्षेत्रे ‘संभाव्य कर्करोगकारक’ या 2-ब गटात ठेवली. त्याचा आधार बालकांतील रक्तकर्करोगाच्या पाहण्या हा होता, पेशींवरील प्रयोग नव्हे.