थ्री-नॉट-थ्री आणि लाकडाचा ठोकळा

२६/११ चा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "पोलिसांच्या हातात काय होतं, तर थ्री-नॉट-थ्री!" त्या चिडीत तथ्य आहे. पण बंदूक वाईट होती, हे काही मला पटत नाही.

ली-एनफिल्डचं १९०७ चं मार्क-३ मॉडेल बघा. जेम्स पॅरिस लीच्या रचनेतला बोल्ट साधारण ६० अंशांत उघडतो, तर जर्मन माउझरला ९० अंश फिरवावा लागतो. माउझरमध्ये ५ गोळ्या, हिच्यात १०. सरावलेला शिपाई मिनिटाला १५ नेमके बार काढायचा. हे यंत्र काय करू शकतं, ते १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत दिसलं. ५० शिपाई, दहाएक मिनिटं, १६५० गोळ्या. माणशी ३३, म्हणजे मॅगझिन तीनदा रिकामं करून वर तीन. हुकूम इंग्रजाचा, बोटं हिंदी शिपायांची.

ज्या सरकारने हे पाहिलं, करवलं, त्याला तीच रायफल आपल्याच देशी पोलिसांच्या हाती द्यायला मात्र भीती वाटे. १८५७ कोण विसरणार? मग बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी .४१० मस्केट तयार झाली. वरून हुबेहूब ली-एनफिल्ड. आत नळी रुंद आणि गुळगुळीत, गोळीला गिरकी देणारे पीळच नाहीत. मॅगझिनच्या जागी चक्क लाकडाचा ठोकळा! एक गोळी घाला, झाडा, पुन्हा घाला. आम्ही सॉफ्टवेअरवाले ग्राहकाच्या प्लॅननुसार फीचर बंद करतो, तसलाच प्रकार. इथे ग्राहकावर विश्वास नव्हता, एवढंच.

स्वातंत्र्यानंतर ठोकळा गेला, उतरंड राहिली. १९६२ च्या चीन युद्धानंतर लष्कराकडे एसएलआर आली आणि जुनी थ्री-नॉट-थ्री पोलिसांकडेच राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २६ जानेवारी २०२० ला, संचलनात मिरवून.

सीएसटीवर त्या रात्री रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने सहकाऱ्याची थ्री-नॉट-थ्री घेऊन गोळ्या झाडल्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा, पुन्हा नेम धरायचा. समोरच्यांना एके-४७ चा फक्त चाप दाबून धरायचा होता. शेवटी त्याने प्लास्टिकची खुर्ची उचलून फेकली.